जतच्या माळावर सिम बदलताना

कर्नाटकच्या सीमेवर, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एके काळी मोबाईलचे पहिले चार आकडे पाहिले की माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, महाराष्ट्रातलं. ९४४८ म्हणजेही बीएसएनएलच, पण कर्नाटकातलं. ९८९० एअरटेल अलीकडचं, ९८४५ एअरटेल पलीकडचं. ९८२२ दिसला की आयडिया. उमदी, संख, बिळूर या भागांत, जिथं एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात, सोयरिकी विजयपूर-अथणीकडं आणि बाजार जत-सांगलीकडं असतो, तिथं हे आकडे पाठ असणं गरजेचंच होतं. पलीकडच्या नंबरावर फोन लावला की एसटीडीचा दर लागायचा.

आता त्या आकड्यांवरून काहीच ओळखता येत नाही. ९४२२चा नंबर जिओवर चालत असतो आणि ९८९०चा माणूस बीएसएनएलमध्ये गेलेला असतो. २० जानेवारी २०११ रोजी नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली आणि नंबरावरची कंपनीची मालकी संपली. त्याआधी २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात ती पहिल्यांदा सुरू झाली होती. गावाकडं याला सरळ ‘पोर्ट करणं’ म्हणतात, दुकानात तर ‘पोर्ट मारून द्या’ असंच सांगतात. हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र पोर्ट केल्यावर नेमकं काय बदलतं, काय तसंच राहतं, आणि जतसारख्या सीमेवरच्या, विरळ वस्तीच्या तालुक्यात कंपनी निवडायची कशी, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. बहुतेक माणसं पाहुण्याच्या सांगण्यावरून किंवा रिचार्ज महागला म्हणून कार्ड बदलतात आणि मग बांधावर उभं राहून रेंज शोधतात.

आधी फोनबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडं बाजारातून विकत घेतलेला साधा स्मार्टफोन कुठल्याही कंपनीला बांधलेला नसतो. अमेरिकेत कंपनीकडून हप्त्यानं घेतलेला फोन बहुधा त्याच कंपनीच्या सिमवर चालावा म्हणून कुलूपबंद केलेला असतो. तिथं ग्राहकाला ते कुलूप काढून घेता यावं म्हणून २०१४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. आपल्याकडं ही अडचण फक्त काही ठरावीक फोनांना आहे. २००३ साली रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला, तेव्हा त्या सीडीएमए फोनमध्ये काढता येईल असं सिमच नव्हतं. नंबर फोनच्या पोटातच होता. टाटा इंडिकॉमच्या फोनांचंही तसंच. कंपनी बदलायची म्हणजे फोन टाकून द्यायचा. पुढं जिओफोन आणि जिओभारत हे स्वस्त बटणांचे फोनही जिओच्याच कार्डावर चालतील असे आले. घरातल्या आजीकडं असा फोन असेल, तर तिचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याआधी दुसऱ्या फोनची सोय बघावी लागते. बाकी तुमच्या खिशातला साधा स्मार्टफोन तुमचाच आहे. त्यात कुणाचंही कार्ड घाला.

नंबरही तुमचा आहे, आणि हा हक्क आपल्याकडं बऱ्याच उशिरा आला. सिंगापूरनं १९९७ मध्येच नंबर टिकवून कंपनी बदलायची सोय दिली होती. ब्रिटनमध्ये १९९९ ला, अमेरिकेत २००३ ला आणि पाकिस्तानातही आपल्या आधी, २००७ मध्ये ती आली. आपल्याकडं दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २००९ मध्ये नियम केले आणि प्रत्यक्षात यायला २०११ उजाडलं. त्यातही एक मर्यादा होती. सोय फक्त आपल्या सर्कलपुरती होती. इथंच जतचा प्रश्न सुरू होतो.

दूरसंचारासाठी देशाचे २२ विभाग केलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर हे सगळे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. त्यात गोवाही आहे, पण मुंबई नाही. मुंबई स्वतंत्र सर्कल. विजयपूर आणि बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. राज्याची सीमा आणि सर्कलची सीमा इथं एकच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला आणि राज्यभर चर्चा झाली. पाण्यासाठी तळमळणाऱ्या गावांचा तो जुना, दुखरा प्रश्न. पण उमदीकडच्या माणसाच्या खिशातला फोन तर रोजच ही सीमा ओलांडत असतो. माणूस आपल्या शेतात उभा असतो आणि फोन पलीकडच्या टॉवरवर असतो.

हे होतं कसं, तेही पाहू. प्रत्येक टॉवर आपली ओळख सतत हवेत सांगत असतो. भारतातल्या टॉवरची ओळख ४०४ किंवा ४०५ या आकड्यानं सुरू होते, त्यापुढं कंपनीचा आणि सर्कलचा आकडा येतो. बीएसएनएलचा महाराष्ट्रातला टॉवर ४०४-६६ सांगतो, कर्नाटकातला ४०४-७१. सिममध्ये घरचा आकडा लिहिलेला असतो. फोन साधारणपणे आधी घरचा आकडा शोधतो आणि तो अजिबात मिळाला नाही की मग आपल्याच कंपनीच्या शेजारच्या सर्कलमध्ये जातो, म्हणजे रोमिंगवर जातो. यातून सीमेवर एक विचित्र त्रास होतो. पलीकडचा टॉवर जवळ आणि जोरदार असला, तरी घरच्या टॉवरची एक काडी मिळत असेल तर फोन त्या एका काडीलाच चिकटून राहतो. फोन लागतो, तुटतो, परत लागतो. अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हातानं निवडून पाहावं. पुष्कळदा कंपनी बदलायची गरजच उरत नाही.

रोमिंगला आता वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळं हे सहज सांगता येतं. २०१३ पर्यंत रोमिंगवर नुसता आलेला फोन उचलायला मिनिटाला १ रुपया ७५ पैशांपर्यंत दर लागू शकत होता. त्या वर्षी ट्रायनं ती मर्यादा ७५ पैशांवर आणली, २०१५ मध्ये ४५ पैशांवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्यानंतर देशांतर्गत रोमिंगचे पैसे घेणं सगळ्यांनाच सोडावं लागलं. त्याआधीची वर्षं सीमेवरच्या माणसाच्या खिशाला घरबसल्या भुर्दंड पाडणारी होती. ३ जुलै २०१५ पासून नंबर एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये नेण्याचीही मुभा मिळाली. अथणीला नोकरी करताना घेतलेलं कर्नाटकचं कार्ड आता जतला परतल्यावर महाराष्ट्राचं करून घेता येतं आणि नंबर तोच राहतो.

आता कुठल्या कंपनीकडं जायचं? दराबद्दल फार लिहीत नाही, कारण ते वरचेवर बदलतात. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी एकदम दर वाढवले, तेव्हा लोकांनी बीएसएनएलकडं रीघ लावली. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक २९ लाखांहून जास्त वाढले. रागाच्या भरात घेतलेला तो निर्णय काहींच्या कामी आला आणि काहींना अडचणीत घालून गेला, कारण स्वस्त रिचार्ज आणि चालणारा टॉवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दराबाबत एवढंच ध्यानात ठेवा की २८ दिवसांचं रिचार्ज वर्षातून १३ वेळा मारावं लागतं. महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक आणि ३० दिवसांचा पॅक ठेवणं २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ज्याला नेट लागतच नाही त्याच्यासाठी नुसता बोलण्याचा आणि मेसेजचा पॅकही २०२५ पासून मिळतो. दुकानदार आपण होऊन तो दाखवत नाही. मागून घ्यावा लागतो.

टॉवरकडं वळू. जतची वस्ती गावठाणात दाटलेली नाही. निम्मं गाव मळ्यात, वस्त्यांवर राहतं. गावातल्या चौकात पाच काड्या असतात आणि दीड-दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर शून्य. यामागं लहरींचा स्वभाव आहे. कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून, झाडीतून आत शिरतात. जास्त वारंवारितेच्या लहरी भरपूर डेटा वाहतात, पण लवकर दमतात. जिओ आपलं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालवतं. बीएसएनएलनं नवं फोरजी ७०० आणि २१०० वर उभं केलं. एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडंही ९०० पासून वरच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. माळावरच्या वस्तीसाठी ७००, ८५०, ९०० या खालच्या पट्ट्या मोलाच्या. चौकातल्या दुकानदाराला वरच्या पट्ट्यांचा उपयोग जास्त.

पण टॉवर ज्या पट्टीवर बोलतो ती तुमच्या फोनला कळायला हवी. इथं बरेच जण फसतात. बीएसएनएलची ७०० ची पट्टी फोनच्या माहितीत ‘बँड २८’ म्हणून लिहिलेली असते, आणि काही वर्षांपूर्वीच्या पुष्कळ स्वस्त स्मार्टफोनांत ती नाहीच. कार्ड घातलं, नंबर चालू झाला, पण वस्तीवर फोरजी येत नाही, आणि दोष कंपनीला दिला जातो. फोनच्या खोक्यावर किंवा फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव घालून बँडची यादी दिसते. दुकानातल्या पोराला सांगितलं तर तो दोन मिनिटांत काढून देईल. बीएसएनएलच्या फोरजीबद्दल माझ्या मनात आपुलकी आहे, हे लपवत नाही. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी मिळून ते देशातच घडवलं आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी सुमारे ९७ हजार ५०० टॉवरांसह त्याचं लोकार्पण झालं. ज्या वाड्यावस्त्यांवर खासगी कंपन्यांना टॉवर परवडत नाही, तिथं पोचायची जबाबदारी याच कंपनीनं उचलली आहे. तरीही आपुलकीपोटी कुणी नंबर हलवू नये. आधी आपल्या वस्तीवर बघावं, मग हलवावा.

दुसरी अडचण टूजीची. जिओ फोरजी-फाईव्हजीच चालवतं, टूजी त्याच्याकडं कधीच नव्हतं. स्मार्टफोनवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही, मात्र शेतकऱ्याच्या घरात फोनशिवायही एक सिम असतं. विहिरीवरच्या मोटरीला लावलेल्या मोबाईल स्टार्टरमध्ये. रात्री-बेरात्री लाईट येते, माणूस घरातूनच फोन लावतो आणि मोटर चालू होते. म्हैसाळ योजनेचं पाणी आलेल्या भागात आणि डाळिंबाच्या बागांत असे स्टार्टर पुष्कळ आहेत. त्यातले जुने स्टार्टर टूजीवरच चालतात. घरातले सगळे नंबर एकदम जिओत नेताना स्टार्टरचंही सिम नेलं, की मोटर मुकी होते. दोन रात्री पाणी चुकलं तर बागेचं काय होतं, हे जतच्या माणसाला सांगायला नको. स्टार्टरचं सिम वेगळं धरा, आणि तो कशावर चालतो हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

पोर्ट करण्याआधी नव्या कंपनीची परीक्षा कशी घ्यायची? सोपा उपाय आहे. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये दोन सिमची जागा असते. ज्या कंपनीत जायचंय तिचं एक साधं नवं कार्ड घेऊन किंवा घरातल्याच कुणाचं मागून दुसऱ्या जागेत घालावं आणि आठवडाभर वापरावं. घरात, गोठ्यात, विहिरीवर, द्राक्षाच्या मांडवाखाली, पत्र्याच्या शेडात बेदाणा पडला असेल तिथं. ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, तेव्हा नेट कुठं हवं हे आपोआप ठरतं. संध्याकाळी आठ ते दहा या वेळात मुद्दाम बघावं. काड्या पूर्ण असूनही नेट हलत नसेल तर रेंज आहे पण टॉवरवर गर्दी आहे, असा अर्थ. मार्गशीर्षात यल्लम्मादेवीच्या यात्रेत जतमध्ये फोन लागत नाही तोही गर्दीचाच प्रकार, त्यावरून कंपनीची पारख करू नये. लाईट गेल्यावर काय होतं, हे मात्र जरूर बघावं. टॉवरची बॅटरी आणि जनरेटर ठीक नसतील, तर वादळवाऱ्यात, म्हणजे फोनची खरी गरज असते तेव्हाच, रेंज जाते.

अजून एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. एअरटेल आणि व्हीआय यांची यंत्रं बऱ्याच ठिकाणी इंडस टॉवर्स या कंपनीच्या एकाच मनोऱ्यावर बसवलेली असतात. अडीअडचणीला असावीत म्हणून फोनमध्ये या दोन कंपन्यांची कार्डं ठेवली आणि गावात मनोरा एकच असला, तर त्याची वीज गेली की दोन्ही एकदम बंद. दोन कार्डं ठेवायचीच असतील तर ती वेगवेगळ्या मनोऱ्यांवरची असावीत. एप्रिल २०२५ पासून ट्रायच्या नियमानुसार सगळ्या कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कुठं टूजी, कुठं फोरजी, कुठं फाईव्हजी मिळतं त्याचे नकाशे ठेवावे लागतात. तो नकाशा पाहावा, पण शेवटचा शब्द आपल्या बांधावरच्या काड्यांचा धरावा.

निर्णय झाला की पुढचं काम फार नाही. जो नंबर न्यायचा आहे त्याच फोनवरून, इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. पूर्वी स्वस्त पॅकमध्ये मेसेजची सोय नसल्यामुळं गरीब ग्राहकाला हा मेसेजच पाठवता येत नव्हता. ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायनं बजावलं की कुठलाही पॅक असो, १९०० चा मेसेज जाऊ द्यायलाच हवा. आपल्यासारख्या तालुक्यांसाठी हा निर्णय मोठा होता. मेसेजला उत्तर म्हणून आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर सध्याच्या कंपनीचं, दुसरं सर्कलचं. हा कोड चार दिवस चालतो.

कोड मिळण्यासाठी अटी आहेत, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून त्या कोड देतानाच तपासल्या जातात. सध्याच्या कंपनीत निदान ९० दिवस झालेले हवेत. पोस्टपेड असेल तर थकबाकी नको. नंबरावर मालकीबदलाचा अर्ज किंवा कोर्टाची मनाई नको. शिवाय १ जुलै २०२४ पासून, कार्ड हरवलं किंवा खराब झालं म्हणून नवं घेतलं असेल, तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही.

मग आधारकार्ड आणि कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. इथं जे संभाषण तालुक्यात रोज होतं, ते साधारण असं.

“अण्णा, कोड आलाय, पण नंबर कुणाच्या नावावर हाय?”

“पोराच्या. त्यानंच पुण्यात असताना घिऊन दिल्तं.”

“मग पोरालाच यायला लागंल.”

गावात निम्म्याहून जास्त अडचणी इथं होतात असं माझं निरीक्षण आहे. नंबर म्हातारा वापरतो, बँकेत तोच, पीएम-किसानला तोच, लाडक्या बहिणीच्या अर्जावर सुनेनं तोच टाकलेला, आणि कागदावर मालक भलताच. पोर्ट करताना जुन्या कंपनीत ज्याचं नाव आहे त्याचीच ओळखपत्रं लागतात. नाव बदलायचं असेल, मालक वारला असेल, तर आधी जुन्याच कंपनीत नंबर आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, मग पोर्ट. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. मे २०२३ मध्ये ते सुरू झालं. आपण न घेतलेला नंबर त्यात दिसला तर तिथंच तक्रार करता येते. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम चालत नाहीत. म्हणून ऊसतोडीच्या टोळीतल्या सगळ्यांची कार्डं मुकादमाच्या नावावर घेण्याची सवय आता सोडायला हवी. दसऱ्यानंतर गाव सोडून चार-पाच महिने फडावर राहणाऱ्या माणसाचा नंबर त्याच्याच नावावर हवा. उद्या कंपनी बदलायची तर तो मुकादमाला शोधत कुठं फिरणार?

दुकानात आधारवर बोट किंवा चेहरा टिपला जातो, नवं सिम हातात मिळतं, आणि पोर्टसाठी ठरलेली ६ रुपये ४६ पैशांची रक्कम कंपनी ग्राहकाकडून घेऊ शकते. बऱ्याच कंपन्या ती घेतही नाहीत. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत त्याच १९०० वर रद्दचा मेसेज पाठवून थांबता येतं. सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस आणि एका सर्कलमधून दुसऱ्यात पाच, असा ट्रायनं घातलेला कालावधी आहे. म्हणजे विजयपूरचा नंबर जतला आणायचा तर दोन दिवस जास्त. या काळात जुनंच कार्ड फोनमध्ये ठेवायचं. नंबर कधी बदलेल त्याचा मेसेज येतो, आणि बदल बहुधा रात्री होतो. काही तास फोन बंद पडतो. जुन्या कार्डावर ‘सेवा नाही’ दिसलं की नवं घालायचं.

त्या रात्री काय घडतं, तेही कळायला हवं. नंबर कुणाच्या सर्व्हरवर ‘उचलून’ ठेवला जात नाही. देशाचे यासाठी दोन भाग आहेत. महाराष्ट्र उत्तर-पश्चिम भागात आणि कर्नाटक दक्षिण-पूर्व भागात, आणि प्रत्येक भागाची नोंदवही ठेवायला एक वेगळी परवानाधारक कंपनी आहे. त्या नोंदवहीत तुमच्या नंबरासमोरचा एक आकडा बदलतो. तो आकडा सांगतो की या नंबराचा फोन आता अमुक कंपनीकडं वळवा. देशातल्या प्रत्येक कंपनीकडं या नोंदवहीची ताजी प्रत असते. सांगलीहून कुणी तुम्हाला फोन लावला की त्याची कंपनी आधी ही प्रत बघते आणि मग फोन सरळ नव्या कंपनीकडं पाठवते. पत्ता तोच ठेवून घर बदललेल्या माणसाचं पत्र पोस्टमन बिनचूक नव्या दारात टाकतो, तसंच हे. म्हणूनच नंबराच्या पहिल्या चार आकड्यांना आता अर्थ उरला नाही. २०२४ पर्यंत असे अर्ज शंभर कोटींच्या पुढं गेले होते.

पोर्ट झाल्यावर दोन-तीन गोष्टी लगेच बघाव्यात. जुन्या प्रीपेड कार्डावरचा बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, ते पुढं येत नाहीत. म्हणून पॅक संपत आला असतानाच पोर्ट करावं. नाव-नंबर जुन्या सिममध्ये साठवलेले असतील तर ते आधी फोनमध्ये उतरवून घ्यावेत. व्हॉट्सॲप तसंच चालतं, कारण नंबर बदललेला नाही. पण फोनपे, गूगल पे यांसारख्या ॲपना सिम बदलल्याचं कळतं आणि पुन्हा नोंदणी करावी लागते, पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवता येत नाही. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे द्यायचे असतील त्याच आठवड्यात पोर्ट करू नये. नेट चालत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉईंटचं नाव बघावं. जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट असं ते असतं. फोनच लागत नसेल तर व्होल्टीचं बटण चालू आहे का ते पाहावं, कारण फोरजीवर बोलणं त्यावरच चालतं.

यूपीसी हा कोड कुणालाही सांगू नका, हे मात्र ठासून सांगतो. तुमचा नंबर बंद होणार आहे, फाईव्हजी करून देतो, असे फोन येतात आणि १९०० वर मेसेज करून आलेला कोड मागितला जातो. ज्याच्या हाती तो कोड गेला, तो तुमचा नंबर आपल्या कार्डावर वळवायचा प्रयत्न करू शकतो, आणि मग बँकेचा ओटीपी त्याच्याकडं जातो. फोन अचानक ‘सेवा नाही’ दाखवू लागला आणि तुम्ही पोर्टचा अर्ज केलेला नाही, तर सकाळची वाट न पाहता आधी बँकेला कळवा, मग कंपनीला.

कंपनीनं कारण नसताना अर्ज नाकारला तर गप्प बसू नका. चुकीच्या नकारासाठी ट्रायनं प्रत्येक अर्जामागं १० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. तक्रार आपल्या कंपनीच्या १९८ या नंबरावर करायची, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा, आणि ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडं तो क्रमांक देऊन दाद मागायची. आणि नवी कंपनीही वस्तीवर उपयोगाची निघाली नाही, तर ९० दिवस मोजा आणि पुन्हा १९०० ला मेसेज करा. नंबर कितीही वेळा हलवता येतो.